न्यायला कोण येणार?

आमच्या खोलीतून एखाद्या बाईच्या माहेरी फोन लागला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "न्यायला कोण येणार?" तिला ठेवून घेणार का, लेकरांच्या शाळेचं काय, हे सगळं नंतर. खोलीतल्या बाकीच्या मला हसतात. हसू देत. हा प्रश्न मला एका बाईनं शिकवला, तोही माझ्याशी भांडून.

खोली नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यातली, बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून. घरात मार खाल्लेल्या बाया आणि त्यांची लेकरं आमच्याकडे येतात. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे, पण सगळे तिला चहाची खोलीच म्हणतात. चहा आमची खाला करते. ती वॉर्डात आया आहे, आणि आलेल्या बाईनं रिकामा कप खाली ठेवेपर्यंत तिला कुणी काही विचारायचं नाही, हा खालाचा दंडक आहे. मी तो मोडत नाही. मलाही तिच्याच हातचा चहा प्यायचा असतो.

ही बाई मुदखेडकडून आलेली. मनगट मोडलेलं, सोबत चारेक वर्षांची मुलगी. मोरीत घसरून पडली, असं नवरा ज्याला त्याला सांगत होता. त्याला आम्ही केसपेपरच्या रांगेत उभं केलं. खालानं चहा दिला, बाईनं कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पोलिसांसमोर जबाबही दिला. मनगटासाठी तिला बायकांच्या हाडांच्या वॉर्डात भरती केलं. त्यानंतर नवरा दवाखान्यात फिरकला नाही. "हिनं लई बघितलं, ताई. हिला आता तिथं न्यायची न्हाई," असं ती मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायची.

तिचं माहेर रेणापूरजवळ. आईवडील वारलेले, घर भावाचं. मी भावाला फोन केला तर तो लगेच म्हणाला, "येऊ द्या की. घर तिचंच हाय. लातूरच्या गाडीत बसवून द्या." मी खूश! माहेरची माणसं फोनवर इतक्या पटकन हो म्हणत नाहीत. खालाला म्हटलं, आज चहात साखर जास्त टाक.

ते ऐकून बाईचा चेहरा मात्र उतरला. "बसवून देऊ नका, ताई. मुराळी आल्याबिगर म्या जात न्हाई."

मुराळी म्हणजे सणावाराला लेकीला माहेरी न्यायला येणारा. बहुतेक भाऊच. माझं डोकंच फिरलं. "अगं, पंचमीला चाललीस का? हात गळ्यात बांधलाय तुझा आणि तुला मानपान सुचतोय?"

तीही काही कमी नव्हती. "आपल्या पायानं गेले तर वैनी म्हणंल, आली टाकून दिलेली. मग रोज तिच्या तोंडाकडं बघून भाकर खायची का? त्यापरीस मुदखेडला जाते माघारी."

म्हणजे पुन्हा तेच घर, आणि सोबत ती मुलगी. मी तणतणत घरी गेले. भाजी चिरताना मला माझा भाऊ आठवला. मी लातूरची. दर पंचमीला तो मोटारसायकल घेऊन मला न्यायला येतो. एसटी आहे, मी कमावती आहे, आणि तो दारात आला की मी त्याची थट्टाही करते. पण त्याला जरा उशीर झाला की फाटकापाशी जाऊन उभी राहते. "ये तुझी तू," असं तो कधी म्हणाला असता तर मी गेले असते? रुसून बसले असते. मार न खाता.

सकाळी तिच्या भावाला पुन्हा फोन केला आणि चांगला फैलावर घेतला. "सोयाबीन काढायलोय, ताई. मळणीयंत्र दारात हाय. बघतो," म्हणाला. 'बघतो' म्हणणारे बरेचसे बघतच राहतात, हे मला ठाऊक होतं.

इकडे मुलीनं तो शब्द उचलला. वॉर्डात येईल त्या पुरुषाला विचारायची, "तुमी मुराळी हाय का?" एकदा डॉक्टरांनाच विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "नाही बाळा, मी हाडांचा डॉक्टर." सगळा वॉर्ड हसला. तिची आई हसली नाही. सुट्टी मिळायची वेळ झाली होती आणि तिनं पिशवी भरून ठेवली होती. मुदखेडला जायला. माझ्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारात एक बाई आली. काखेला गाठोडं, घामाघूम. खालाला वाटलं नवी पेशंट, तिनं बाईला बसवलं आणि चहा दिला. दंडकाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. तिनं सावकाश फुंकून फुंकून चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आमच्या वन्सं कुठं हायत?"

ती वहिनी होती! मी पळत तिला वॉर्डात नेलं. आमची बाई गडबडून उठली, एका हातानं पदर सावरू लागली. मुलगी वहिनीच्या मागं वाकून बघत म्हणाली, "मुराळी कुठाय?"

"म्याच हाय की मुराळी. मामी हाय तुझी." तिनं गाठोडं सोडलं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

"दादा न्हाई आला?" बाईनं भीत भीत विचारलं.

"ते निघालेच हुते. म्याच म्हणलं, तुमी मळणी बघा. न्यायला येतील ते, पण वन्संला ऱ्हायचं तर माझ्याजवळ हाय. मग बोलवाया म्या नको का?"

एवढ्या दिवसांत एकदाही न रडलेली ती बाई तिथं रडली. मीही रडले, उगाच लपवत नाही. मुलीला मात्र आमच्यासाठी वेळ नव्हता. तिनं घाईघाईनं चपला घातल्या, त्याही उलट्या. मामी खाली बसली आणि तिच्या पायातल्या चपला तिनं सरळ करून दिल्या.