कापडावरची बेकरी

मी दुबईजवळच्या अजमानमध्ये वाढले. मुंबई म्हणजे माझ्यासाठी जुलैच्या सुट्टीतला महिनाभराचा घाम. तरी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमच्या मराठी मंडळाने मलाच मुंबईची गाईड केलं. मंडळाची हौस दांडगी. एका शाळेचा हॉल घेऊन भिंतभर कापड लावलं होतं आणि प्रत्येक घराने त्यावर आपापली गल्ली रंगवायची होती. मोठी माणसं कित्येक शुक्रवार हात बरबटून भांडत होती, कारण कुणाचं थिएटर कुणाच्या देवळावर चढलं होतं. आम्ही मुलांनी हातात पट्टी घेऊन पाहुण्यांना ही मुंबई फिरवून आणायची.

आईने माहेरची गल्ली काढली आणि कोपऱ्यावर बेकरी. काचेच्या बरण्या, दारात पावाच्या लाद्या. लहानपणी ती तिथूनच पाव आणायची. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली चाची त्याच बेकरीवाल्याची बहीण. मुंबईच्या दंगलीत त्याला दुकानातच मारलं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बेकरी बघून तिला बरं वाटेल, असं म्हणून आईनेच तिला आग्रहाने बोलावलं. आईचा भाबडेपणा कधीकधी मला असह्य व्हायचा.

चाची माझ्याच टोळीत आली. “अँड धिस इज अ टिपिकल बॉम्बे बेकरी,” म्हणत मी पुढे निघाले. ती हलली नाही.

“थांब ना बेटा. इथे माझ्या भावाला मारलं, ते पण सांग ना.”

मंडळाचे एक काका लगबगीने आले. “भाभी, आज फंक्शन आहे. वो सब खलास हो गया ना? यल्ला, पुढे चला सगळे.”

“खलास झालंय, तर सांगायला काय हरकत आहे?”

मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. नुसतं बधिर वाटत होतं. पुढच्या टोळीला मी चाचीचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. काकांनी माझ्या हातून पट्टी काढून घेतली आणि दुसऱ्या मुलाला दिली. चाची मात्र तिथेच उभी राहिली. इथे माझ्या भावाची बेकरी होती, इथे त्याला मारलं, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली. बसचा नंबर सांगावा तसा आवाज. आई शेजारी चाचीची पर्स धरून उभी होती.

एका लहान मुलीने विचारलं, “बट हू किल्ड हिम?”

“गल्लीतल्याच लोकांनी,” चाची म्हणाली. “रोज पाव न्यायला यायचे.”

माझे दोन्ही मामा दंगलीच्या वेळीही त्याच गल्लीत राहत होते. आईने त्यांना कधी काही विचारलं नाही. मीही आईला विचारलं नाही.