पाच काजं

काज करायला मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शाळा पाचवीतच सुटली होती. गडहिंग्लजच्या खाली आमचं गाव, तिथं एका शिंप्याच्या ओट्यावर मी काज-बटणाला बसायची. ब्लेडनं नेमकी चीर द्यायची, कडेनं दाट टाके घालायचे, टोकाला आडवा बंद घ्यायचा. बटण आत जाताना थोडं अडलं पाहिजे आणि गेल्यावर आपोआप निघता कामा नये. शिंपी म्हणायचा, "पोरी, सैल काज म्हंजे खोटा शब्द." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

लग्नानंतर गोव्यात आले. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, आज डिचोलीत, उद्या वाळपईला. आम्ही कारापुरात एका घराच्या मागच्या खोलीत राहायचो. मुलगी तिथंच झाली. जन्मताना अडली होती. तिची उजवी मूठ मिटलेली ती नीट उघडलीच नाही, आणि उजवा पाय ती ओढत चालायची. बोलायची, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा. चार वर्षांची झाली तेव्हा तिला घेऊन दोन बालवाड्यांत गेले. एका ठिकाणी म्हणाले, मोठी झाली की आणा. दुसरीकडे म्हणाले, अशा पोरांची शाळा पणजीला असते. पणजी मी तोवर एकदाच पाहिली होती, तीही बसच्या खिडकीतून.

तिसरी जागा म्हणजे बाईंची माँटेसरी. गावाच्या कडेला एका जुन्या घराचा पुढचा दिवाणखाना, तांबडी फरशी, शिंपल्यांची तावदानं असलेल्या खिडक्या, बाहेर काजूचं झाड. बाई हळर्ण गावच्या, तेव्हा पन्नाशीच्या असतील. बाहेर कुठंतरी शिकून आलेल्या. मी दारातच म्हणाले, "बाई, माझी पोरगी जरा अशी आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बसून पोरीला विचारलं, "तुका कितें करपाचें आसा?"

पोरीनं डाव्या हातानं फडताळाकडं बोट केलं.

"बरें. चप्पल काड आनी ये."

चप्पल काढायला मी वाकले, तर बाई म्हणाल्या, "हात फाटीं!" हात मागे. मी दचकून हात मागे घेतले. पोरीला एक चप्पल काढायला किती वेळ लागला ते सांगत नाही. माझ्या पाठीला घाम आला. बाई मात्र चुलीवर काहीच उतू जाणार नसल्यासारख्या निवांत बसून होत्या.

तिला त्यांनी घेतलं, आणि मलाही. झाडलोट करायला आणि अकरा वाजताच्या पेजेसाठी त्यांना कामाला कुणी हवंच होतं. अट एकच होती. या घरात मुलीसाठी मी काही करायचं नाही. उचलायचं नाही, भरवायचं नाही, पुसायचं नाही. "हांगा तू तिची आई न्हय," बाई म्हणाल्या, "पेजेची मावशी."

ती दोन वर्षं आठवली की आजही मला पेजेचा वास येतो. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू ऐकू आला की आम्ही दोघी निघायचो. आतमध्ये सगळं मुलांच्या मापाचं. फणसाच्या लाकडाची बुटकी मेजं, गावच्याच सुतारानं केलेले गुलाबी ठोकळे, पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली अक्षरं. पाणी ओतायला काचेचा तांब्या आणि चिनी मातीचे कोप, म्हणजे कप. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "बाई, प्लास्टिकचे आणू या का? फुटतील."

"फुटूंदीत. फुटता म्हण कळ्ळें की हात आपोआप संबाळटा."

अठरा मुलं होती. कुणी शेतकऱ्यांची, कुणी बाजारातल्या दुकानदारांची, दोन आमच्यासारखी घाटावरची. एका मुलाला ऐकू कमी यायचं. बाहेर भिंतींवर तेव्हा डांबरानं लिहिलेलं असायचं, मराठी हवी, कोकणी हवी. गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं, आणि बाजारात दोन माणसं भेटली की त्यावर वाद. बाईंच्या शाळेत ज्याला जे येईल ते तो बोलायचा. माझी पोरगी माझ्याशी कोल्हापुरी बोलायची आणि मांजराशी कोकणी. पॉलिशपेपरच्या अक्षरांवरून मुलं बोटं फिरवायची तेव्हा मीही केर काढता काढता फिरवायची. पाचवीत सुटलेलं लिहिणं तिथंच परत हाताला लागलं. बाईंनी ते पाहिलं असणार. एकदा पेजेच्या डब्याशेजारी वही-पेन्सिल ठेवलेली सापडली. मी ती घरी नेली.

तर त्या फडताळावर एक चौकट होती. लाकडाच्या चौकटीला निळ्या कापडाचे दोन पदर ठोकलेले, मध्ये पाच मोठी बटणं. बटणं लावायला शिकायची चौकट. माझी पोरगी रोज तीच घ्यायची. ती कवेत धरून ओढत चटईवर न्यायची, डाव्या हाताची बोटं बटणावर, उजवी मूठ कापडावर दाबून. जीभ बाहेर. चार महिने झाले तरी एक बटण लागलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि माझी बोटं आपोआप हलायची. काज माझ्या हातचं काम, आणि मला ते करायला बंदी.

तेवढ्यात एका पालकाची तक्रार आली. शेजारच्या साखळी गावच्या बाजारात त्यांचं भुसारी दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण दारातच उभं राहून मोठ्यानं बोलायचा. मी आत भांडी घासत होते.

"बाई, भुरगीं पळयतात तशें करतात. आमचो पोर घरा येऊन पाय ओडीत चलता. खेळ म्हण करता, पूण संवय लागली जाल्यार?"

"लागची ना," बाई म्हणाल्या. नाही लागणार.

"तुमी म्हणतात. पूण आनी दोगां-तिगांय तशेंच म्हणपी आसात. तें भुरगें हांगा रावल्यार आमचीं आमी काडटलीं."

माझ्या हातातला टोप खाली पडला. ते माझ्या पोरीविषयी बोलत होते. तिला बघून त्यांची पोरंही तसंच करतात म्हणे. ती राहिली तर ते आपली मुलं काढून नेणार.

बाई म्हणाल्या, "शेनवारा सगळीं येयात. घंटाभर बसून पळयात. मागीर सांगात. तुमी म्हणतले तशें."

मुलं गेल्यावर मी बाईंना म्हणाले, "बाई, शनिवारी सगळ्यांना बघायला बोलावून असं त्यांच्यावर कसं सोडलं? तिला बघून ते काय म्हणतील?"

"पळोवंदीत ना."

"तिला एक बटण लागत नाही हो बाई!"

"अजून लागत नाही," बाई मराठीत म्हणाल्या. चिडल्या की त्या मराठीत बोलायच्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "ठेवलं तर ठेवलं. न्हाईतर घरात बसंल." मग हातातला तुकडा ताटात ठेवून म्हणाला, "तिला तिथं लई आवडतंय न्हवं?" मी उठून चुलीकडं गेले.

शुक्रवारी दुपारी बाई साखळीला गेल्या होत्या. फरशी पुसून झाली. फडताळ पुसताना चौकट हातात आली. माझ्या पिशवीत सुई-दोरा कायम असायचा, ब्लेडही. मी पायरीवर बसले आणि पाचही काजांचे टाके उसवले. प्रत्येक चीर थोडी वाढवली, अगदी थोडी, आणि निळ्याच दोऱ्यानं पुन्हा दाट टाके घातले, टोकाला बंद. शिंप्यानंही ओळखलं नसतं. एकही टाका वाकडा गेला नाही. त्या वेळी मला वाटलं, देवानं मला एवढी एकच विद्या दिली ती याच दिवसासाठी.

शनिवारी पालक भिंतीला टेकून बसले. दहा-बारा बायका, चार पुरुष. दुकानदार पुढं, त्यांची बायको मागं. बाईंनी कुणाला काही समजावलं नाही. मुलं आली, चपला काढल्या, आपापलं काम घेऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात, हात मागे.

माझ्या पोरीनं चौकट ओढत आणली. सगळ्यांचे डोळे तिच्या पायाकडं. ती बसली, मूठ दाबली, बोटं बटणावर. आणि बटण पहिल्याच झटक्यात आत गेलं.

माझ्या तोंडातून "आई गं" निघालं. कुणीतरी मागं वळून बघितलं. पोरगी हसली नाही. तिनं दुसरं बटण धरलं. कापड जरा ओढलं गेलं तसं पहिलं बटण निसटलं. तिनं ते पुन्हा घातलं. दुसरं घातलं. पहिलं निसटलं, मग दुसरंही. तिनं तिसऱ्यांदा केलं. मी बघत होते आणि मला एकदम कळलं की मी काय करून ठेवलंय. सैल काजात बटण जातं, राहत नाही.

पोरगी चौकटीकडं बघत राहिली. मग उठली, ती ओढत थेट माझ्याकडं आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आई... चौकट... मोडली."

रडली नाही. पेज थंड झाली म्हणून सांगावं तशी सांगून ती फडताळाकडं गेली, चौकट जागेवर ठेवली आणि पाण्याचा ट्रे घेतला. मी मनात म्हटलं, आता संपलं. ट्रे हिंदकळत मेजापर्यंत पोचला. तांब्यातून कोपात ओतताना अर्धं पाणी मेजावर, अर्धं फरशीवर, थेट त्या दुकानदारांच्या मांडीपर्यंत. ते पाय आखडून "अरे अरे" म्हणाले.

माझे हात पुढं आले होते. बाईंनी लांबूनच बघितलं. मी ते मागं घेतले.

पोरीनं कोप सरळ ठेवला. खिळ्यावरचं फडकं काढलं. पाय ओढत आली, खाली बसली आणि डाव्या हातानं पुसायला लागली, कडेकडून मध्ये, मध्येच बादलीत पिळून. पिळायला तिला मूठ आयतीच होती. फडक्याचं एक टोक मुठीत धरायचं आणि डाव्या हातानं पिळायचं, ही तिची तिनं शोधलेली रीत. मी ती पाहिलीच नव्हती. चार महिने मी फक्त बटणांकडं बघत होते.

दुकानदारांचा मुलगा आपलं काम टाकून उठला. आपलं फडकं घेऊन आला आणि दुसऱ्या बाजूनं पुसायला लागला. त्यानंही फडकं तसंच मुठीत धरून पिळलं. फरशी कोरडी झाली तशी फडकी खिळ्यावर गेली.

दुकानदार आपल्या मुलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हो पोर? घरांत पेजेचें ताट लोटून उठता हो!"

मागून त्यांची बायको म्हणाली, "घरांत कोणाक पळयता तो? तुमीच लोटून उठतात न्हय?"

बायका हसल्या. तेही हसले, जरा उशिरा. धोतर झटकत उठले आणि बाईंना म्हणाले, "रावंदी. आमचोय रावंदी." राहू दे, आमचाही राहू दे. बस, एवढंच. बाकीचेही मग चहा घेऊन गेले.

सगळे गेल्यावर बाई चौकट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "हें कोणें केलें?"

"मी," मी म्हणाले. खोटं बोलायला तोंड उघडत नव्हतं. "तिला जमावं म्हणून."

बाईंनी काजावरून बोट फिरवलं. "काम बरें आसा," म्हणाल्या. मग मराठीत, "पोर काय म्हणाली, ऐकलंस ना? चौकट मोडली म्हणाली. हात मोडला म्हणाली नाही."

मी पदर तोंडाला लावला.

"आता रडूं नाका. चौकट सारकी कर."

त्याच पायरीवर बसून मी पाचही काजं परत आवळली, पहिल्या मापाची. सोमवारी पोरीनं चौकट घेतली, एक बटण रेटून बघितलं, अडलं. तिनं माझ्याकडं बघून मान डोलावली, म्हणजे दुरुस्त झाली. आणि लागली पुन्हा, जीभ बाहेर काढून.

आज मी कारापुरापासून लांब, दुसऱ्याच राज्यात आहे, आणि ही पानं त्या वहीच्या जिवावर लिहिते आहे. बाईंना हे वाचायला मिळणार नाही. त्यांना एकदा तोंडानं धन्यवाद म्हणायचं राहून गेलं, ते अजून टोचतं. पण पुढं एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं ते मी विसरलेले नाही. काजूला मोहर आला होता. मी मागच्या अंगणात राख आणि नारळाचं सोडण घेऊन चहाचा टोप घासत होते. दारातून बाईंनी नुसतं बोट हलवलं.

मी तशीच, राखेच्या हातांनी, आत गेले. चटईवर माझी पोरगी. चार बटणं मोकळी आणि एक लागलेलं. ती त्याच्याकडं बघत होती. कापड हळूच ओढून बघितलं. बटण जागच्या जागी. पुन्हा ओढलं. मग ती उरलेल्या चारांकडं वळली.

मी हाक मारली नाही, धावले नाही. हात मागं घेऊन उभी राहिले, पेज वाढायची वेळ होईपर्यंत.

संध्याकाळी नवरा घरी आला, मी भाकरी थापत होते. तो मागून म्हणाला, "अगं, लुगड्याला मागं हे काय लागलंय?"

मी पदर ओढून बघितलं. कमरेवर राखेचे दोन पंजे उमटले होते, दहाही बोटं स्पष्ट.