पहिला खळगा

प्रयोगशाळेत सगळे तिला ‘निगेटिव्ह ताई’ म्हणत. थट्टाच ती, पण त्यात मानही होता. गरोदर बायकांच्या रक्तात रुबेलाशी, म्हणजे जर्मन गोवराशी, लढणारी प्रतिद्रव्यं आहेत का, हे तपासायचं तिचं काम. तपासणी नीट चालली आहे हे कळायला दरवेळी एक रक्त असं लागतं, ज्यात ती औषधालाही नाहीत. असं रक्त मिळता मिळत नाही. हिचं नेमकं तसं. सहा वर्षं तपासणीच्या प्लेटमधल्या पहिल्या खळग्यात हिचंच रक्त; प्रतिद्रव्यं असली की खळगा पिवळा होतो, हिचा कायम पाण्यासारखा.

रुबेलाची लस घ्यायची राहिली ती यापायी. “तू लस टोचून घेतलीस तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?” प्रयोगशाळेचे साहेब हसत म्हणायचे. हीदेखील हसून पुढच्या महिन्यावर ढकलायची. येणाऱ्या जाणाऱ्या बाईला लसीचं महत्त्व पटवणारी ही बया स्वतःच्या बाबतीत इतकी वेडी कशी झाली, देव जाणे. मग दिवस राहिले, आणि गरोदरपणात ती लस देत नाहीत.

नवव्या आठवड्यात अंगावर बारीक लाल पुरळ उठलं. “उष्णतेचं असेल गं,” सासूबाई म्हणाल्या. तीन दिवसांत गेलंही. रुबेलात आईचं फारसं काही बिघडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत धोका असतो तो बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला. हे तिला पाठ होतं.

दोन आठवड्यांनी तिने स्वतःचं ताजं रक्त तपासायला लावलं. पहिल्या खळग्यात फ्रीजरमधलं तिचं जुनं, शेजारी नवं. शेवटचं रसायन घातलं. जुना खळगा स्वच्छ राहिला. नवा पिवळाधमक झाला.

रडू येईल असं तिला वाटलं होतं. काहीच आलं नाही. तिने आकडा वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पेनाचं टोपण लावलं.

नवऱ्याचा फोन आला. “काय निघालं?”

“प्रतिद्रव्यं आहेत.”

“मग चांगलंच की! तूच म्हणतेस ना, ती असली की बाळाची काळजी नाही?”

“आधीपासून असती तर,” ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी प्लेट पाहिली होती. खुर्ची ओढून ते तिच्याजवळ बसले.

“साहेब,” ती म्हणाली, “पहिल्या खळग्यासाठी आता दुसरं कुणी बघा.”