शिंक्याची दोरी

वरच्या फळीवरचा मिठाचा डबा आज टाचा उंचावूनही हाताला लागेना, आणि मला आईचं शिंकं आठवलं.

मुरबाडजवळच्या आमच्या घरी तुळईला दह्याचं शिंकं असे. मी शाळेत असतानाची गोष्ट. एका सकाळी आईचा हात तिथवर पोचेना. ती चिडली, "शिंकं कुनी वर बांधलं गो?"

कुणीच नव्हतं बांधलं.

"भाताच्या आवणीनं कंबर वाकलीय तुजी, दुसरं काय नाय," म्हणत बाबांनी दोरी वीतभर सैल केली. दह्याचा आंबूस वास आला. आई हसली. हाडं आतून पोकळ झाली की उंचीही घटते, हे कुणाला ठाऊक! पुढे साधी कळशी उचलताना तिचा मणका मोडला.

"आई, फळी जरा खाली घेऊ का?" आता माझी सून मायेनं विचारत होती.

"हात लावू नकोस फळीला!" मी ओरडलेच. "आधी माझी हाडं तपासून आणू."