परत पाठवलेलं ताट

माझी आई राहीबाई एकदा हट्टाला पेटली की गावचा पाटीलसुद्धा वाट वाकडी करून जायचा. मी तिची थोरली लेक, विजयमाला. तिच्या हट्टापायी मी चार दसरे पुरणपोळीला मुकले, म्हणून हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं. लेकीनं आईबद्दल असं बोलू नये म्हणतात. नसेल बोलायचं, पण खरं ते खरं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेकाठी. ऊस भरपूर आणि घरटी एक शिपाई. माझे वडील लालासाहेब, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेही पलटणीत होते. रजा मिळाली की ती नवरात्रातच पडावी अशी त्यांची खटपट असे. गावची पालखी दसऱ्याला संध्याकाळी शिलंगणाला निघायची, पण आबा दुपारीच मला खांद्यावर टाकून माळावर न्यायचे. शिवेचा धोंडा आला की खाली उतरवायचे. शीव आपल्या पायानं ओलांडायची, हा त्यांचा नेम. मग पलीकडच्या आपट्याखाली बसून कडाकण्या खायच्या आणि सोन्याची फांदी तोडून घरी यायचं. कडाकणी म्हणजे गुळाच्या पाण्यात कणीक मळून तळलेली कडक पुरी. आई तिच्या फण्या, वेण्या, बांगड्या करून घटावर दोऱ्यानं टांगायची. नऊ दिवस आम्ही त्यांच्याकडं माना वर करून बघायचो. दसऱ्याला घट उठले की त्या पोरांच्या.

बेचाळीस साली सिंगापूर पडलं आणि उन्हाळ्यात तार आली. मी सात वर्षांची होते, धाकटा मानसिंग तीन वर्षांचा. शाळेच्या मास्तरांनी तार वाचली आणि खाली मान घालून सांगितलं, लालासाहेब बेपत्ता आहेत. आईनं विचारलं, मेले असं लिहिलंय का? मास्तर म्हणाले, नाही. आईला तेवढं पुरलं. गावाला मात्र पुरलं नाही. बेपत्ता म्हणजे काय, ते पाणवठ्यावर दोन दिवसांत ठरून गेलं.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्षभर चुलीवर कढई चढत नाही. तळण नाही, गोडधोड नाही. सणादिवशी भावकीतलं कुणीतरी पुरणपोळीचं ताट आणून देतं आणि घरच्यांनी ते मुकाट्यानं घ्यायचं. ते घेतलं म्हणजे माणूस गेला हे कबूल केलं, आणि ते घेईपर्यंत दुखवटा फिटत नाही. त्या दसऱ्याला असं ताट घेऊन आमच्या दारात आली ती धोंडुबाई. ती आबांची चुलती. आबांची आई ते रांगत होते तेव्हाच गेली, तेव्हापासून हिनंच त्यांना वाढवलं. जिभेला हाड नाही अशी बाई, पण त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

तिला दिसलं काय, तर आमच्या चुलीपुढं पालथी घातलेली तेलकट कढई आणि देव्हाऱ्यापुढं टांगलेल्या कडाकण्या. तिनं कपाळाला हात लावला. नवरा गेला आणि ही तळण तळत बसलीय, असं बरंच काही ती बोलली. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्याबाई, ह्ये दुखाचं ताट हाय. आमच्या घरात दुख न्हाई. माणूस घरी यायचा हाय, त्याला जरा येळ लागतुया."

आणि ताटात चार कडाकण्या ठेवून तिनं ते तसंच्या तसं परत दिलं. पुरणपोळीवर तूप होतं. मी ते दारातून जाताना बघितलं आणि मला आईचा असा राग आला की काय सांगू. आमच्याकडं त्या दिवशी आमटी-भाकरी होती. डाळ-गूळ जमवून पुरण घालायची ऐपत नव्हती, जो काही गूळ होता तो सगळा कडाकण्यांत गेला होता.

दुपारी आईनं मानसिंगला कडेवर घेतलं, माझा हात धरला आणि निघाली माळावर. बायका दारात येऊन बघत होत्या. आई कुणाकडं बघेना. धोंड्याशी तिनं मानसिंगला उतरवलं. तो रडायला लागला, उचल म्हणाला. तिनं उचललं नाही. शेवटी तो रडत रडत शीव ओलांडून गेला.

त्रेचाळीसला हेच झालं. चव्वेचाळीसलाही हेच. दरसाल धोंडुबाई ताट आणायची, शिव्या घालायची आणि कडाकण्या घेऊन परत जायची. पंचेचाळीसला लढाई संपली होती, गावातले शिपाई एकेक करून परतत होते. त्या वर्षी आईनं दुप्पट कडाकण्या केल्या. कराडहून सर्व्हिस मोटार आली की ती हातातलं काम तसंच टाकून सडकेकडं जायची.

शेचाळीसच्या श्रावणात त्या मोटारीतून भाऊसो नावाचा शिपाई उतरला. खानापूरकडचा होता, आबांच्याबरोबर जपान्यांच्या कैदेत होता. पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण प्याला नाही. म्हणाला, लालासाहेब हिवतापानं गेला, माती मी माझ्या हातानं दिली. आईनं एवढंच विचारलं, कवा? तो म्हणाला, त्रेचाळीसच्या पावसाळ्यात. आईनं बोटं मोजली.

"मंग तीन दसरं मी मेल्या माणसाच्या घरात कढई चढवली."

"वहिनी, आमी बेचाळीसचा दसरा कैदेत काढला," भाऊसो म्हणाला. "दिस मोजून त्यानंच सांगितलं, आज दसरा हाय. म्हनला, राहीनं कढई चढवली असंल, पोरं आता शिवंवर गेली असत्याली. अंगात ताप हुता, तरी हसत हुता."

आई उठून आत गेली. तिनं कुंकू पुसलं आणि मग जी रडली ती सगळ्या आळीनं ऐकली. चार वर्षांचं रडणं एका दिवसात रडली. मानसिंग आणि मी दाराआड एकमेकांना धरून बसलो होतो.

त्या दसऱ्याला कढई माळ्यावरून खाली आलीच नाही. दुपारी धोंडुबाई ताट घेऊन दारात उभी राहिली. आई उठली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. पण धोंडुबाई ताट सोडेना. दोघींचे हात ताटाला.

"परत दे की गं राही," धोंडुबाई म्हणाली. "चार वर्सं दिलंस, आजबी दे."

"न्हाई, आत्याबाई. आता घ्यायचं."

धोंडुबाईच्या हातातून ताट सुटलं आणि ती उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. तेव्हा मला कळलं की ही म्हातारी चार वर्षं शिव्या घालत येत होती ती ताट परत मिळावं म्हणूनच.

आईनं ताट आमच्यापुढं ठेवलं. ज्या पोळीसाठी मी चार वर्षं जीव टाकला ती समोर होती, आणि मी तिला हात लावला नाही. आईनं तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. "खा. आबाच्या नावाचं हाय," म्हणाली. मग ती स्वतः जेवली, ताट घासून पुसून ठेवलं आणि आम्हाला उठवलं. ऊन उतरायच्या आत माळावर जायचं होतं.

धोंडुबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, दुखवट्यात कसलं शिलंगण, लोक शेण घालतील तोंडात. आई म्हणाली, "कढई चढवायची न्हाई, ती न्हाई चढवली. आपटा तोडायला कढई लागत न्हाई."

धोंडुबाईनं पदरानं नाक पुसलं, काठी घेतली आणि आमच्यामागं निघाली. गुडघ्यांनी कधीच जवाब दिला होता तिच्या, त्यामुळं वाटेत चारदा बसलो. धोंड्याशी आल्यावर आईनं तिला धरायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

"सोड. आपल्या पायानं जायाचं," ती म्हणाली. "त्यालाबी मीच शिकवलं हुतं ह्ये. कडेवरनं हितंच उतरवायची."

काठी टेकत ती शिवेपलीकडं गेली. मग आम्ही तिघं गेलो.