आय सांगते तसं कर

नवऱ्याला हे मी कधी सांगितलेलं नाही, आईलाही नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच कारण आहे. उगाच मोठेपणा नको.

पनवेलला एका स्किन क्लिनिकमध्ये मी पाच वर्षं कामाला होते. डॉक्टर मॅडमच्या हाताखाली. नर्स नव्हे — तेवढं शिक्षण कुठलं, बारावी आणि वर सहा महिन्यांचा कोर्स. पण अंगात पांढरा कोट होता ना! तेवढ्यावर गावात मला सगळे अर्धी डॉक्टर समजायचे. कुणाला गजकर्ण झालं, कुणाच्या गालावर वांग आले की पहिला फोन मला. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

आमचं गाव कोनच्या पुढे, एक्सप्रेस-वे सोडून जरा आत. वैजयंती तिथलीच, आमच्या भिंतीला भिंत लागून घर. आम्ही आगरी. आमच्यात मुलीला लाडानं 'बाय' म्हणतात — "गो बाय, जेवलीस का?" असं. मी आणि वैजू एकमेकींना नावानं कधी हाक मारलीच नाही. ती मला बाय, मी तिला बाय. दहावीच्या वर्षी गावच्या जत्रेत गोंदणारा मशीन घेऊन बसला होता. बाकीच्या पोरी फुलं आणि बदाम काढून घेत होत्या. आम्ही दोघींनी डाव्या हातावर, मनगटाच्या वर, एकच शब्द गोंदवला — बाय. माझ्या आईनं घरी आल्या आल्या कानफटात दिली. वैजूच्या आयनं मात्र दोघींचे हात धुतले आणि ओली हळद लावली. गोंदलं की हळद, ही आमच्याकडची रीतच आहे. त्यानं जखम बसते.

पुढे वैजू हवाई सुंदरीच्या कोर्सला वाशीला जायला लागली. तिचे बाबा तळोज्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. माणूस गप्प गप्प, पण पोरगी विमानात जाणार हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं. इंग्रजी तिनं घासून घासून शिकून घेतलं, उंची होती, दिसायला तर विचारूच नका. अडलं एकाच गोष्टीवर. उघड्या हातावर टॅटू चालत नाही. मुलाखतीला वर्षभराचा अवकाश होता, तेवढ्यात तो काढायचा होता.

लेझर आमच्याच क्लिनिकमध्ये होतं. मला वाटलं, आधी मला सांगेल. घरी येईल, बसेल, म्हणेल, बाय, वाईट वाटून घेऊ नको गो, पण काढायला लागतंय. मी काय नको म्हटलं असतं? — म्हटलं असतं का? आता कोण सांगणार. ती सरळ अपॉइंटमेंट घेऊन आली. बरोबर क्लासमधली एक मैत्रीण. मॅडमनी हात उजेडात धरला, वाचलं आणि हसून विचारलं, "बाय? म्हणजे टाटा-बाय?" ती मैत्रीण फिस्सकन हसली. क्लासमध्ये वैजूला तेच चिडवायचे म्हणे, टाटा-बाय. मग मॅडमनी विचारलं, कुणाचं नाव आहे का हे?

मी तिथेच उभी होते. हातात लेझरचे चष्मे घेऊन, दोन हात अंतरावर. माझ्या कोटाच्या बाहीखाली तोच शब्द.

वैजू म्हणाली, "कुणाचं नाही, मॅम. जत्रेतला मूर्खपणा."

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. मीही स्वतःला तेच सांगत होते, अगं, लोकांसमोर माणूस बोलतं असं. पण आत काहीतरी करपलं ते करपलंच. मी घरी येऊन जेवले नाही. दगाबाज, असा शब्द मी तिच्यासाठी मनात वापरला. पुढे किती दिवस वापरत होते.

लेझर म्हणजे लोकांना वाटतं खोडरबर. एकदा फिरवलं की गेलं. तसं नसतं हो. आधी भूल यायची क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं, पाऊण तास थांबायचं. मग सगळ्यांनी डोळ्यांवर चष्मे चढवायचे. यंत्राचा प्रकाश कातडीला फार न दुखवता आतल्या शाईवर बसतो आणि शाईचे बारीक बारीक तुकडे करतो. टक, टक, टक आवाज येतो आणि रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. अक्षरावर क्षणभर पांढरं उमटतं. मग बर्फ, मलम, पट्टी. शाई त्या दिवशी जातच नाही. तुकडे झालेली शाई शरीर आपणच हळूहळू वाहून नेतं, त्याला आठवडे लागतात. म्हणून दोन सिटिंगच्या मध्ये दीड-दोन महिने ठेवायचे. सहा लागतात, आठ लागतात, कधी जास्त. काळी शाई लवकर ऐकते, हिरवी-निळी त्रास देते. आणि आपल्या सावळ्या कातडीवर घाई केली की पांढरा किंवा काळा डाग राहतो, त्यामुळे मॅडम पॉवर हळूहळू वाढवायच्या.

पण खरं काम घरी असतं. फोड येऊ शकतो, येतोच बऱ्याचदा. तो फोडायचा नाही. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही. ऊन लागू द्यायचं नाही. दिलेल्या मलमाशिवाय काही म्हणजे काही लावायचं नाही — तेल नको, चुना नको, हळद नको. हे पेशंटला समजावून सांगायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं होतं. गावाकडच्या बायका माझं ऐकतात म्हणून. हे सगळं मला झोपेतून उठवलं असतं तरी पाठ होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं मी पुढे बोलले आहे, म्हणून सांगते.

तीन सिटिंग छान झाली. अक्षरं फिकटली. दर वेळी पट्टी मीच बांधायची, आणि दर वेळी ती मला तिच्या क्लासच्या गमती सांगायची, जणू काही झालंच नाही. तिच्या दृष्टीनं झालंच नव्हतं. ते जास्त लागायचं. बाय म्हणूनच हाक मारायची मला! हातावरून पुसायचं आणि तोंडात ठेवायचं — मी मनात म्हणायची, वा गं शहाणे.

चौथ्या सिटिंगला पॉवर वाढवली होती. पट्टी बांधताना मी तिला सगळं परत बजावायला हवं होतं. तेव्हा मी घाईत होते, बाहेर पेशंट होते — नाही. थांबा. घाईत नव्हते. मी मुद्दाम बोलले नाही. वाटलं, तिला काय, ती आता शिकलेली, वाचेल सूचनांचा कागद.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक. आय मागीलदारी होती म्हणे, तिच्या नकळत वैजू फोन करत होती. "बाय, ह्यो मोटा फोड आलाय गो. आय बोलते सुईनं फोड नि हलद लाव, जत्रेत लावलेली तशी. कागदावर तर हलद नको लिवलंय. काय करू?"

ती मला विचारत होती. कागदावर लिहिलेलं असूनही मला विचारत होती. कागदापेक्षा, मॅडमपेक्षा तिचा माझ्यावर भरवसा होता. आणि मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "आय सांगते तसं कर."

चार शब्द. रागानं नव्हे, ओरडून नव्हे. अगदी सहज, कामात असल्यासारखे. त्या क्षणी मला काय हवं होतं? हात सडावा असं नव्हतं वाटत, देवाशपथ नव्हतं. पण काहीतरी बिघडावं, थोडं राहावं, ते अक्षर पूर्ण जाऊ नये — असं वाटत होतं. फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. परत फोन करायला अख्खा दिवस होता माझ्याकडे. केला नाही.

पाच-सहा दिवसांनी ती क्लिनिकला आली ती तापानं फणफणून. पट्टी काढली तर पू. हळदीनं पिवळं, त्यात लाल. मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्या दिवशी चढवला. कुणी सांगितलं होतं हे करायला? आता माझं नाव येणार, आज नोकरी गेली — खरं सांगते, तेव्हाही मला तिचा हात आठवला नाही, माझी नोकरी आठवली.

वैजूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आईनं लावली."

मॅडमनी आयला बाहेरून आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर झाडलं. अडाणीपणानं मुलीचं वाटोळं केलंत, असं म्हणाल्या. आय पदर तोंडावर धरून उभी. तिला ठाऊकच नव्हतं की पोरीनं मला विचारलं होतं. खाली जिन्यात आय पुढे गेल्यावर वैजू मला हळूच म्हणाली, "तुला माईत नव्हतं ना गो, बाय?" तिला 'नाही' हेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "नाय."

जखम भरली, पण वर जाड, चकचकीत वण उठला, करंगळीएवढा. लेझर बंद. शाई बरीचशी गेली होती, पण वण झाकायला पूर्ण बाही लागते. मुलाखतीत त्यांनी हात बघितला आणि थँक्यू म्हणाले. वैजूनं मग रोडपालीला एका ऑफिसात फोन घ्यायची नोकरी धरली. बाबांनी गावात विमानाचं नाव काढणं बंद केलं. कुणी विचारलं की आय स्वतःच पुढे होऊन सांगायची, "मी केलं. माज्या अडाणीपणानं झालं." मी कितीदा ऐकलं ते. नळावर, लग्नात, आमच्याच ओट्यावर चहा पिताना. दर वेळी कप खाली ठेवून बोलता आलं असतं. मी चहा पीत राहिले.

दोन वर्षांनी वैजूचं लग्न ठरलं, उरणकडचं स्थळ. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव भरलेला, बँजो, धवलारीन गाणी म्हणतेय, वैजू पाटावर बसलेली. सुवासिनी एकेक करून हळद लावत होत्या, माझंही लग्न झालं होतं म्हणून मीही रांगेत होते. आईनं लावायची वेळ आली तेव्हा बायका हाका मारायला लागल्या. आय खांबाला टेकून उभी. हलेना. तिच्या नणंदांनी ओढलं, वैजूनंही हाक मारली. आयनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माजी हलद नको तिला," ती म्हणाली. "एकदा लावली ती पुरं झाली."

वैजूनं मान खाली घातली. खरं बोलायचं असतं तर हीच वेळ होती, आणि मला ते कळत होतं. मग आयनं माझ्याकडे बघितलं आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "तू लाव बाय. तू दवाखान्यातली, तुजा हात चांगला हाय."

मी वाटी घेतली. वैजूची बाही वर केली, आणि त्या वणावर हळद लावली.