मी राखी बांधली न्हाई

त्यानं मनगट पुढं केलं. केसाळ मनगट, घड्याळ मागं सरकवलेलं. म्हणला, "बांध की गं. कावून थांबलीस?"

माझ्या हातात ताट. ताटात राखी, कुंकू, पेढा. प्राध्यापक, कारकून, शिपाई, अख्खा हॉल बघायलेला. आन् ह्याच हातानं माझं तोंड दाबलं होतं.

तो आमच्या कॉलेजचा हेडक्लार्क. मी रसायनशास्त्राच्या लॅबमधली अटेंडंट, रोजंदारीवरची. चकलांब्याहून एस.टी.नं यायची. मला कायम करायची ऑर्डर त्याच्याच हातनं निघायची होती, घरी सगळे त्या ऑर्डरीकडं डोळे लावून बसलेले. लॅबच्या मागं स्टोअर होतं. तिथं तो यायचा. आधी चपलांचा आवाज, मग कडी. बाटल्या पुसता पुसता माझं ध्यान दाराकडंच. एकदा वरडले तर म्हणला, "वरड. तुमच्या वस्तीतल्या बाईवर कोण इश्वास ठिवतंय?"

विभागाच्या मॅडमला मी रडत सांगितलं. मॅडम म्हणल्या, "ऑर्डर निघेपर्यंत गप राहा." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत, तो हाच.

हापिसात पहिला कंप्युटर आला, त्याच साली विद्यापीठाकडून फर्मान आलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल झालाय, कामावर बायकांचा छळ होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. मला लई बरं वाटलं. आता तरी कुणी स्टोअरचं नाव काढील. येडी मी!

प्रशिक्षण कसलं? शाल-नारळ झालं, सत्कार झाला. विद्यापीठातून आलेले पाहुणे म्हणले, "स्त्रीनं मर्यादा पाळली की पुरुषाची नजर आपोआप खाली जाते." कोर्ट काय म्हणलं, तक्रार कुठं करायची, एक शब्द न्हाई. मग प्राचार्य उठले. "कायद्यापेक्षा नातं मोठं. आज प्रत्येक भगिनी एका सहकाऱ्याला राखी बांधेल. मग तक्रार उरतेच कुठं?" टाळ्या पडल्या. सुंठीवाचून खोकला गेला! कुणी कुणाला बांधायची ते मॅडमनी ठरवलं. माझ्या हातात ताट देऊन हळूच म्हणल्या, "तू साहेबांना बांध. सगळं मिटून जाईल."

मिटून जाईल म्हणं. ठाऊक असून मला त्याच्यापुढं उभं केलं.

तो वाकून कानाशी म्हणला, "आता भाऊच झालो की तुझा. ऑर्डर पायजे ना?" आन् हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग भीतीच्या वर गेला. ताट टेबलावर आपटलं. म्हणले, "भाऊ स्टोअरची कडी लावून बहिणीचं तोंड दाबत न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं. पाहुण्यांनी विचारलं, "ही कोण?"

प्राचार्य म्हणले, "कुणी नाही सर. रोजंदारीवरची आहे."

कुणी नाही! ते मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं. "ताई, तुमाला आत सोडू नका म्हणलेत." त्याची मान खाली. त्या संध्याकाळी वस्तीच्या तोंडाला एक जीप येऊन थांबली. हेडक्लार्कच्या पुतण्याची, वाळूच्या धंद्यातली. कुणी उतरलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. मग ती रोजच यायला लागली. लेकरं तिकडं खेळायची बंद झाली. आई पाण्याला निघाली तर जीप तिच्या मागं मागं, माणसाच्या चालीनं.

आईनं हात जोडले. "पोरी, माफी माग. नौकरी गेली तर जाऊ दे, जीव तर राहील."

मी म्हणले, "आज मी माफी मागितली, तर माझ्या जागी लागंल त्या पोरीचं काय?"

आई नुसती रडत राहिली.

सकाळी मी बीडला निघाले, पोलिसात तक्रार द्यायला. जीप उभीच होती. भ्या वाटलं, खोटं कावून बोलू? वाट तिच्या पुढूनच जायची. मी पदर खोचला न् काचेपाशी जाऊन थांबले. आतला पुतण्या माझ्याकडं बघंना.

म्हणले, "चुलत्याला सांग, बीडला चालले. त्याचं नाव घेऊन सांगणार हाय. न्हाई ऐकलं तर परत जाईन, ऐकूस्तोवर जाईन. आडवायचं तर आत्ता आडव, दिवसाढवळ्या, समद्यांच्या डोळ्यांदेखत."